नौकाविहाराचा निर्णय

वयाच्या विसाव्या वर्षी मी दोन महिन्यांत बत्तीस प्रेमकथा वाचल्या, आणि त्या साऱ्या गुरूंच्या आज्ञेने, स्नानसंध्या आटोपून, पाटावर मांडी घालून, मोठ्याने वाचल्या. हे भाग्य माझ्या माहितीत दुसऱ्या कोणा वैदिक विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेले नाही. इतरांना असली पुस्तके माळ्यावर बसून, एक कान जिन्याकडे ठेवून वाचावी लागत. माझ्या हातून एखादे पान गळले तर गुरुजी रागावत.

त्याचे कारण असे. भोरच्या वाचनालयाचे दार बुधवारी दुपारी दोन तास केवळ स्त्रियांसाठी उघडावे, असे गावातील काही सुधारक गृहस्थांच्या मनात आले. दार उघडण्यास कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती दाराच्या आतील एका कपाटाला. त्या कपाटात बत्तीस कादंबऱ्या होत्या, आणि त्या कुलीन स्त्रियांच्या हाती द्याव्या की नाही याविषयी मंडळींत एकमत होईना. वाद घालून थकलेली माणसे शेवटी जे करतात तेच त्यांनी केले; प्रश्न शास्त्रीबुवांकडे पाठविला. कपाटाला कुलूप लागले आणि कादंबऱ्या दोन पोत्यांत भरून आमच्या ओसरीवर येऊन पडल्या. निर्णय अनुकूल आला तर कपाट उघडणार होते. प्रतिकूल आला तर बुधवारी स्त्रियांना व्रतकथांच्या पोथ्या मिळणार होत्या, ज्या त्यांना आधीच तोंडपाठ होत्या.

शास्त्रीबुवा म्हणजे माझे गुरुजी. मी वेल्ह्याकडचा, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीचा. आमच्याकडे पाणी एक तर कड्यावरून कोसळत असे, नाही तर मुळीच नसे. त्यावरून कोणी बसून जाऊ शकतो ही कल्पना मला भोरला येईपर्यंत नव्हती. ओढा आला की धोतर खोचायचे, एवढेच आमचे नौकानयन. अध्ययनासाठी मी गुरुजींच्या घरी राहिलो त्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती. गुरुजींचे शरीर रोजच्या सूर्यनमस्कारांनी सागवानासारखे घट्ट होते, परंतु दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस ओळखत ते चालीवरून, आणि ग्रंथ वाचत ते माझ्या तोंडून. त्यामुळे कादंबऱ्यांचे परीक्षण त्यांच्याकडे आले तसे वाचन आपोआप माझ्याकडे आले.

घरात तिसरे माणूस म्हणजे काकू, गुरुजींच्या पत्नी. चारचौघांत नवऱ्याशी थेट बोलू नये, ही त्या काळची रीत. आमच्या घरात चारचौघे कधीच नसत; पण एक मी होतोच, आणि काकूंच्या मते रीतीला तेवढा पुरेसा होता. "विष्णू, विचार त्यांना, भाकरी वाढू की भात?" असे त्या माझ्याकडे पाहून म्हणत. गुरुजी तीन हातांवर बसलेले असत. "विष्णू, सांग तिला, भात," असे तेही माझ्याकडे तोंड करून सांगत. मग मी दोघांनाही ऐकू गेलेले वाक्य दोघांनाही पुन्हा ऐकवीत असे. पाच वर्षे मी हे दौत्य केले. मी घरी नसलो म्हणजे काकू भिंतीला सांगतात आणि गुरुजी खांबाला, अशी शेजाऱ्यांत वदंता होती. आज माझ्या नातसुना आपापल्या नवऱ्यांना ज्या मोकळेपणाने हाका मारतात त्या ऐकल्या की मला माझ्या गेलेल्या नोकरीची आठवण होते.

वाचन दुपारच्या भोजनानंतर चाले. आंबेमोहोराच्या भाताचा वास अजून ओसरीवर रेंगाळत असे. नीरेच्या घाटावरून धुण्याचे धपके येत. आणि माजघरात काकू तांदूळ पाखडायला बसत. सुपाचा तो एकसारखा फटक्‌ फटक्‌ आवाज त्या बत्तीसही कादंबऱ्यांना साथ देत होता. माझ्या हाती गुरुजींनी एक तांबडी पेन्सिल दिली होती. जेथे औचित्यभंग दिसेल तेथे रेघ मारायची आणि आक्षेप एका वहीत लिहायचा. मी साहित्यशास्त्र नुकतेच शिकलो होतो, आणि नुकते शिकलेल्या माणसाइतका कठोर न्यायाधीश दुसरा नाही. नायिकेचा पदर वाऱ्याने हलला तरी मी रेघ मारीत असे. त्या रेघा मारण्यासाठी काही परिच्छेद मी दोनदा वाचले, एक-दोन तीनदाही, कर्तव्य म्हणून.

त्या ग्रंथांतील एका गोष्टीचे मला आजही नवल वाटते. बत्तीस लेखकांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपले नायक-नायिका होडीत बसविले होते. आमच्या देशावर नदी आठ महिने दगड दाखवीत पडलेली असते. तरीही कादंबरीचा मध्य आला की कोठून तरी एक सरोवर उत्पन्न होई, त्यात चंद्र पडे, काठाला एक होडी आपोआप बांधलेली सापडे, आणि वकिलीच्या परीक्षेला बसलेला तो कृश नायक सराईतपणे वल्ही मारू लागे. नायिका समोर बसून बोटांनी पाणी चाळवीत असे. होडीचा मालक कोठे गेला, हे एकाही लेखकाने सांगितले नाही. आणि मी हे अविश्वासाने वाचत होतो असे कोणी समजू नये. धोतर खोचून ओढे ओलांडणारा मी, वल्हे कसे धरावे, पाणी कसे कापावे, हे सारे आपल्याला उत्तम समजले आहे, अशा समजुतीत होतो.

काकूंनी एक दिवस मला विहिरीपाशी गाठले. कळशीचा दोर माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, "विष्णू, ती तुझी तांबडी पेन्सिल जरा बोथट होऊ दे रे."

"का काकू?"

"मला अक्षर लागतं. पोथीतलं लागतं, तसं यातलंही लागेल, सावकाश का होईना. बुधवारी मी जाणार आहे वाचनालयात. कपाट उघडलं तर." मग इकडे तिकडे पाहून त्या म्हणाल्या, "त्यांना मी विचारायची नाही. तुझ्या तोंडून तर नाहीच नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतःसाठी काही मागितलं नाही. आता पुस्तकासाठी का तोंड वेंगाडू?"

माझ्या वहीत तोवर आक्षेपांची अकरा पाने भरली होती, आणि मला त्यांचा अभिमान होता.

अडचण शेवटच्या, बत्तिसाव्या कादंबरीत आली. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. लेखकाचे वंशज असतील, त्यांना कशाला दुखवा. नायकाने नायिकेला होडीत घेतले, होडी सरोवराच्या मध्यावर नेली, आणि 'तो दोन्ही हातांनी वल्ही मारीत तिच्या मुखाकडे अनिमिष पाहत राहिला' असे वाक्य आले. माजघरातले सूप थांबले. गुरुजींनीही हात वर केला.

"थांब. येथे दोन प्रश्न आहेत," ते म्हणाले. "पहिला हा, की अविवाहित स्त्रीपुरुषांचा एकान्त निषिद्ध आहे, परंतु होडी हा एकान्त आहे काय? भोवती भिंत नाही, वर छप्पर नाही, काठावरून सर्वांना दिसते. दुसरा प्रश्न त्याहून गंभीर. जो नायिकेच्या मुखाकडे पाहतो, तो वाटेकडे कधी पाहतो?"

मी पूर्वपक्ष मांडला की नायिका होडीच्या पुढल्या टोकाला बसली असेल. म्हणजे मुख आणि मार्ग एकाच दिशेला. गुरुजींनी तो मान्य केला नाही. माझे वल्ह्यांचे ज्ञान त्यांनी विचारले. मी पंधरा-सोळा कादंबऱ्यांचा आधार दिला. शेवटी आम्ही दोघांनी बसल्या जागी असे अनुमान केले, की मनुष्य ज्या दिशेला जातो तिकडे त्याचे तोंड असते. नायकाचे तोंड नायिकेकडे आहे. तस्मात् नायिका पुढे आहे. अनुमान निर्दोष होते. त्यात एवढीच उणीव होती की ते करणाऱ्या दोघांपैकी एकानेही होडीत पाय ठेवला नव्हता.

"एकान्ताचा निर्णय लागल्याखेरीज पुढे वाचणे नाही," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक मिटायला लावले.

आठ दिवस ते मिटलेले राहिले. आठ दिवस ती दोन माणसे सरोवराच्या मध्यावर बसून होती. काकूंना ते सोसवेना. एकदा कुळथाचे पिठले वाढताना त्या म्हणाल्या, "विष्णू, विचार त्यांना, त्या पोरीला पाण्यावरची सर्दी झाली तर दोष कोणाला?" दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तिची आई काठावर शोधत असेल म्हणावं." मी ते शब्दशः पोचविले. गुरुजी जेवता जेवता गंभीरपणे म्हणाले, "सांग तिला, अनुमान संपले की प्रत्यक्ष पाहावे, असे शास्त्र आहे. उद्या आपण धरणाच्या पाण्यावर जाऊ. तिलाही यावे लागेल. प्रयोगाला स्त्री हवी, आणि मला शास्त्राने दुसरी स्त्री उपलब्ध नाही."

काकूंच्या हातातला पळा पिठल्यात पडला.

उत्रोलीच्या एका शेतकऱ्याच्या बैलगाडीतून आम्ही सकाळी निघालो. गुरुजी पगडी आणि उपरणे घालून, जणू सभेला. काकू चापूनचोपून नेसलेल्या, मांडीवर दहीपोह्यांचा डबा. आणि मी वही-पेन्सिल घेऊन. धरणाचे पाणी जमिनीत शिरून झालेल्या एका शांत बगलेपाशी हैबती तरवाला भेटला. तो माणसे, शेरडे आणि भाताची पोती पलीकडे नेत असे. जाळे टाकण्यासाठी त्याची एक लहान होडीही होती. गुरुजींनी त्याला आपला प्रश्न सविस्तर समजावून सांगितला. त्याने तो तोंड उघडे ठेवून ऐकला आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "म्हाराजांची तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे," गुरुजी म्हणाले. त्यांचे कान तीक्ष्ण होते. "मला एवढेच सांग, वल्हे मारणाऱ्याचे तोंड कोणीकडे असते?"

"मागं."

"मागे म्हणजे?"

"ज्या काठावरनं निघालो त्या काठाकडं. पाठ म्होरं आन् त्वांड मागं. म्होरं त्वांड करून बसलं तर वल्ह्याला वढ मिळंल का? पाठीचा कणा लागतो त्याला, म्हाराज."

आमचे निर्दोष अनुमान तेथेच पाण्यात गेले. गुरुजींनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, "मग वाट कोण पाहतो?"

"समोर बसल्यालं माणूस. त्येनं सांगायचं, उजवं मार, डावं थांब. वल्हं मारणारा निस्ता बैल वो. डोळं समोरच्याचं."

गुरुजींच्या मुखावर जो आनंद मी पाहिला तो केवळ सूत्राचा अर्थ उलगडला की त्यांच्या मुखावर येत असे. ते म्हणाले, "हे मला जमेल. मला तसेही दिसत नाही. पाठ काय आणि तोंड काय, सारखेच."

हैबतीने हात जोडले, मी पाय धरले, पण गुरुजी ऐकेनात. मी किंवा हैबती होडीत बसलो तर एकान्त उरणार नाही आणि प्रयोग बाद होईल, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मी काठावर राहून काय दिसते व काय ऐकू येते ते टिपायचे. शेवटी हैबती म्हणाला, "बगलंत पानी कमरंएवढंच हाय, बुडायचं भ्या न्हाई. निस्ती ती बाभळ संबाळा." पाण्यात उभ्या असलेल्या एका जुन्या बाभळीचा काटेरी शेंडा वर आला होता. "आई, तुमी बघा तिच्याकडं. म्हाराजांस्नी सांगा."

काकूंनी मान हलविली. नवऱ्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर, उजेडात, त्या प्रथमच बसल्या असाव्यात. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि दृष्टी खाली, होडीच्या तळाशी, लावली. हुबेहूब कादंबरीतल्यासारखी.

गुरुजींनी वल्ही मारली. सूर्यनमस्कारांचे बळ ते. होडी बाणासारखी सुटली. पाण्यावर वारा नव्हता. त्यांच्या श्वासाचा आवाजही काठावर स्वच्छ येत होता. मी तो टिपला. वीसेक वल्ह्यांनंतर काकूंनी मान वर केली, आणि त्यांना बाभूळ दिसली.

"विष्णू!" त्या म्हणाल्या. "सांग त्यांना, बाभूळ आली!"

"काय म्हणते रे ती?" गुरुजींनी वल्हे न थांबवता मला विचारले.

आणि मी, ज्याने पाच वर्षे एकही निरोप चुकविला नव्हता, दोन्ही हातांचा कर्णा करून काठावरून ओरडलो, "गुरुजी, काकू म्हणतात, बाभूळ आली!"

निरोप पोचला तेव्हा बाभूळही पोचली होती. होडी फांद्यांत शिरली, पगडी काट्यांवर अडकून वरच राहिली, काकूंच्या पदराला ओरखडा गेला, दहीपोह्यांचा डबा कलंडला. होडी एका अंगावर झुकली. हैबती कमरेएवढ्या पाण्यात धावला. आणि तेवढ्यात गुरुजींचा आवाज साऱ्या बगलेत घुमला:

"अगं, विष्णू काठावर आहे! मला सांग!"

मग एक आवाज आला, जो मी पाच वर्षे एकाच घरात राहूनही ओळखला नाही. "अहो, उजवं थांबवा! तुमचं उजवं, माझं नव्हे! आता मागे रेटा. डावं मारा. हळू! हळू म्हणते ना? आता दोन्ही. अहो, दोन्ही!"

होडी काट्यांतून निघाली. हैबती होता तेथेच पाण्यात थांबला. त्याने फक्त पगडी काढून घेतली. काकू सांगत होत्या आणि गुरुजी वल्ही मारीत होते. बाभळीला एक वळसा, मग बगलेच्या तोंडापर्यंत, मग परत. परत येण्याची आज्ञा गुरुजींनी दोनदा दिली; काकूंनी ती ऐकली नाही. "अजून एकदा त्या दगडापर्यंत," असे मी स्पष्ट ऐकले. वहीत मी एवढेच लिहिले: दिसले, सर्व, ऐकू आले, सर्व.

आम्ही गाडीतून घरी निघालो. काट्यांनी भोके पाडलेली पगडी गुरुजींच्या मांडीवर होती. काकूंनी पुन्हा पदर पुढे ओढला होता, परंतु त्याखाली त्या हसत होत्या की काय, हे सांगणे कठीण होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माझी आक्षेपांची वही वाचायला लावली. सारी पाने त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "विष्णू, एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली का? तू जेथे जेथे तांबडी रेघ मारलीस, तेथे तेथे आत सूप थांबले होते. मला डोळे नाहीत, कान आहेत." मी मान खाली घातली. "ज्या वाक्याला हातातले काम थांबते, ते वाक्य खोटे असेल, अतिशयोक्त असेल, पण त्याला अनौचित्य म्हणण्याचा अधिकार मला नाही. ती पाने फाड."

आणि त्यांनी निर्णय सांगितला. होडीस एकान्त म्हणता येत नाही, कारण होडीतील प्रत्येक शब्द काठावर ऐकू येतो. वल्हे मारणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असल्याने त्याच्याकडून अमर्यादेचा संभव नाही. सबब कपाट उघडण्यास शास्त्राची हरकत नाही. मी लिहून पुरे केले, तेव्हा ते माजघराकडे तोंड करून म्हणाले, "आणखी एक कलम घाल. नायिका संकोचाने अधोवदन बसली असता नौका इष्ट तीरी पोचली, असे या ग्रंथांत वारंवार येते. ते अनुभवाशी विसंगत आहे. वाचक स्त्रियांनी त्यावर विश्वास ठेवू नये."

आत सूप थांबले होते.

पुढे आयुष्यभर मी पुराण सांगितले. भवसागर, नाव आणि तारून नेणारा परमेश्वर यांविषयी बोलण्याचा प्रसंग शेकडो वेळा आला. प्रत्येक वेळी श्रोते नमस्कार करीत, आणि मला हैबती आठवे. तो नावाडी जर खरोखर वल्ही मारीत असेल, तर त्याची पाठ तीराकडे आणि मुख आपल्याकडे असले पाहिजे. तीर पाहण्याचे काम त्याने आपल्यावर सोपविले आहे, आणि आपण मान खाली घालून हात जोडून बसलो आहोत. हे मी कधी कोणत्या सभेत बोललो नाही. येथे लिहून ठेवतो.

कपाट उघडले. बुधवारी काकू ठेवणीतले लुगडे नेसून वाचनालयात गेल्या आणि ती बत्तिसावी कादंबरी घेऊन आल्या; ती दोघे अजून सरोवरातच होती ना. माजघरात दिवेलागणीपर्यंत एक एक अक्षर जुळविण्याचा पुटपुटता आवाज येत राहिला. तांदूळ त्या दिवशी पाखडलेच गेले नाहीत, आणि पानावर बसलो तेव्हा भातात दोन खडे लागले. गुरुजींनी ते मुकाट्याने बाजूला काढून ठेवले.

काकू ताकाचे भांडे घेऊन आल्या आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे वळल्या. "विष्णू, विचार त्यांना, ताक..."

मी तोंड उघडले. गुरुजींनी हात वर करून मला थांबविले. त्यांचे न दिसणारे डोळे सरळ समोर, आवाज आला त्या दिशेला, लागले होते.

"विष्णू काठावर आहे," ते म्हणाले.

भांडे क्षणभर हातातच राहिले. मग, अगदी हळू, परंतु मला स्पष्ट ऐकू येईल असे, काकू म्हणाल्या, "अहो, ताक वाढू?"

"वाढ," गुरुजी म्हणाले.

मी मान खाली घालून भात कालवीत राहिलो.